रबराचं लेकरू

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत दुपारी अडीचच्या सुमाराला सात-आठ कात्र्या चालायच्या आणि वर्षानं पुस्तक उघडलं की एकेक करून बंद पडायच्या. मांडीवर साड्या उलट्या पसरलेल्या, पाठचे लोंबते धागे अर्धे कापलेले, अर्धे तसेच, आणि बायका कात्री हातात धरून वर्षाच्या तोंडाकडे बघत बसलेल्या. संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस साड्या न्यायला आला की ओरडा ठरलेला. पण पुस्तकातल्या बाईला नुकतंच गावानं हाकललेलं असताना धागे कापायला हात कुणाचा उठणार?

उधन्याच्या मराठी मंडळात एक लोखंडी कपाट होतं. त्यातून वर्षा आठवड्याला दोन पुस्तकं आणायची आणि दोन्ही एकाच जातीची. ज्यांना जगानं उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली. कुणी कचरा वेचत वाढलेली, कुणी तुरुंगातून सुटून आलेला, कुणी रोज नव्या गावात पाल ठोकणारा. लाज नाही, आडपडदा नाही. शेजारची सुषमा म्हणायची, टीव्हीतल्या बाईचा नवरा मेला तरी तिची लिपस्टिक पुसत नाही. ह्या पुस्तकातली बाई मात्र शिंकली तरी खरी वाटते.

वर्षाला तर त्या पुस्तकांचं वेडच लागलं होतं. वाचताना अंगावर काटा यायचा, कान तापायचे. ती सुरतेतच जन्मलेली, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेली. नवरा भूपेंद्र उधन्याला लूमवर कामाला. लूमच्या कारखान्याला इथं सगळे खातं म्हणतात; तो सकाळी सातला खात्यात जायचा, संध्याकाळी सातला कानात खडखडाट घेऊन परत यायचा आणि जेवण चांगलं झालं तर तसं सांगायचा. सासूचा जाच नाही. लग्नाला दोन वर्षं झालेली. ओरखडा म्हणून कुठं नाही. आणि त्याचंच वर्षाला मनातून वाईट वाटायचं. आपल्यालाही असं काहीतरी फाडून सांगता आलं असतं तर, असं तिला वाटायचं आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटायची.

वाचन चालू असताना एकच कात्री थांबायची नाही. ती वर्षाच्या सासूची, कलाबाईची. ती दाराच्या कोपऱ्यात पाठ करून बसायची आणि कचकच धागे तोडत राहायची, जसं काही तिला ऐकूच येत नाही. मधूनच पुटपुटल्यासारखी एखादी ओवी म्हणायची. तिच्या ओव्या कुणी फारशा ऐकत नसे.

श्रावण सरता सरता मंडळाच्या मालतीबाईंचा निरोप आला. त्या निवृत्त शिक्षिका, मंडळाचा सगळा कारभार त्यांच्याच खांद्यावर. मंडळानं लेखनाची स्पर्धा ठेवली होती. अट एकच, जे लिहाल ते स्वतः जगलेलं आणि खरं पाहिजे. निवडलेलं लिखाण सभागृहात वाचायचं आणि मंडळाच्या वार्षिकात छापून यायचं.

वर्षा चार दिवस वही उघडून बसली. पहिल्या दिवशी तिनं शाळेबद्दल लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्या दिवशी लग्नाबद्दल लिहिलं. त्यात भांडण घालावं म्हटलं तर आठवेना. तिसऱ्या दिवशी सुषमानं बोलता बोलता जुनी गोष्ट काढली. गुजरातेत दारूबंदी, म्हणून पूर्वी कितीतरी बायका सीमेवरच्या नवापूरहून पोटाला दारू बांधून, गरोदर असल्याचं सोंग करून पॅसेंजरनं सुरतेला यायच्या. बस, एवढं ऐकलं आणि वर्षाच्या हातात वीज आली. चौथ्या दिवशी तिनं एका बैठकीत अकरा पानं लिहिली. पहिलंच वाक्य होतं, "लग्नाआधी दोन वर्षं मी माझ्या पोटात दारू वाढवली."

लिहिताना ती रडलीसुद्धा. आणि ते रडणं तिला फार गोड वाटलं.

गुरुवारी सकाळी मालतीबाईंचा फोन आला. वर्षाताई, मी वाचून रात्रभर सुन्न होते, म्हणाल्या. येत्या रविवारी शेवटचं वाचन तुमचंच. वर्षा फोन ठेवून घरातल्या घरात दोन गिरक्या मारून आली. भूपेंद्रला तिनं एवढंच सांगितलं, नवापूरच्या बायकांवर लिहिलंय, तू यायचंस. त्याला रविवारी सुट्टी, तोही खुश. त्याच दुपारी आरशासमोर उभी राहून ती मोठ्यानं वाचायला लागली. कलाबाई खाली बसून लसूण सोलत होती.

वर्षानं वाचलं की तिनं दारू भरलेल्या प्लास्टिकच्या पोटल्या दोरीनं पोटाला घट्ट आवळल्या, एक हात पोटावर ठेवला आणि जड पावलांनी गाडीत चढून बाकावर बसली.

"फुटी जाई," खालून आवाज आला.

वर्षानं वळून पाहिलं. कलाबाई लसूण सोलतच होती.

"काय फुटी जाई, आत्या?"

"तुन्ही पोटली. अशी आवळी का बाकावर बसताच फुटी जाई. बठ्ठी दारू पायावर." कलाबाईनं पाकळी ताटलीत टाकली. "आनि पोटुशी बाई पोटावर हात ठेवत नही. कमरवर ठेवस. तुले कसं ठाऊक व्हई, तू कव्हय पोटुशी झाई?"

वर्षा खालीच बसली. पानं मांडीवर पसरली. एवढं आत्यांना कसं माहीत, हे तिनं विचारलंच नाही. ते विचारायच्या आधीच तिला कळलं होतं आणि तिच्या छातीत असं काही धडधडत होतं की खात्यातले चाळीस लूम एकदम सुरू व्हावेत.

कलाबाई अहिराणीत सांगत गेली, लसणाच्या पाकळीसारखं एकेक सोलून. प्लास्टिक नाही, ट्रकच्या टायरची आतली ट्यूब. हात-दीड हात कापायची, एक तोंड सुतळीनं बांधायचं, दारू काठोकाठ भरायची आणि दुसरं तोंड बांधण्याआधी आतली हवा पिळून काढायची. थेंबभर हवा राहिली तर चालताना पोट डुचकळतं. दोन मैत्रिणी तशाच धरल्या गेल्या, पोट बोललं म्हणून. ट्यूबवर जुन्या लुगड्याची घडी, म्हणजे हात लावला तर अंग लागतं, रबर लागत नाही. डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली, म्हणजे वासाचा प्रश्न मिटला. शिपाई नाकाला रुमाल लावूनच लांबून जायचा. नवापूरला चढायचं, चलथाणला उतरायचं. उधना स्टेशनवर जायचंच नाही, तिथं तपासणी. भूपेंद्रच्या बापाचा हात तेव्हा लूमच्या पट्ट्यात गेला होता, तो दीड वर्ष घरात बसून होता. नवापूरच्या फलाटावर ट्यूब बांधायला एक म्हातारी मदत करायची. तिला सगळ्या सुईण म्हणायच्या.

मग तिनं ती ओवी म्हटली. इतके दिवस दाराच्या कोपऱ्यात पाठ करून पुटपुटलेली ओवी वर्षाला पहिल्यांदा शब्दाशब्दानं ऐकू आली.

*नवापुरा टेसनाला भरली बाई माझी ओटी,*
*रबराच्या लेकराला नाही भूक, नाही रोटी.*

वर्षाच्या अंगावर सर्रकन काटा आला. कपाटभर पुस्तकं वाचली, आणि ह्या दोन ओळी आपल्याच घरात, आपल्याच पाठीशी दोन वर्षं पडून होत्या. ती वही घ्यायला धावली.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दुपारी गल्लीत वाचन झालं नाही. दार लोटून सासू-सुना आत. बायकांना वाटलं, भांडण लागलं. सुषमा दोनदा साखर मागायला येऊन गेली आणि दोन्ही वेळा तिला आतून हसणं ऐकू आलं. कलाबाईला सांगायची चटकच लागली होती. स्वयंपाक करता करता कढई खाली ठेवून यायची, आणखी एक आठवलं म्हणत. वर्षा विचारायची, भीती नाही वाटली? कलाबाई म्हणायची, वाटायची ना, पण गाडीत खिडकीशी बसायला मिळायचं. पोटुशी म्हणून लोक उठून जागा द्यायचे. खऱ्या पोटाला कुणी दिली नाही, रबराच्या पोटाला दिली.

शनिवारी संध्याकाळी नवी पानं तयार झाली. वर्षानं ती वाचून दाखवली आणि स्वतःच थरथरली, इतकी ती जिवंत होती. कलाबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं की ह्यात जागोजागी मी-मी आहे, ती मी कोण.

वर्षानं मान खाली घातली. म्हणाली, तुमचं नाव घालते, आत्या. तशी कलाबाई ताडकन उठली. भूपेंद्रला ह्यातलं अक्षर माहीत नाही. त्याला वाढवताना तिनं गल्ली बदलली, मैत्रिणी सोडल्या, नवापूरच्या रस्त्यानं माहेरी जाणं सोडलं. नाव घातलंस तर मी उद्याच्या गाडीनं गावी जाते, म्हणाली. मग जरा वेळानं जवळ आली, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

"तूच ठेव ते. तुन्हं म्हनी वाच. मी दिधं तुले."

"पण तुम्ही सोसलेलं मी कसं माझं म्हणू?"

"तुले काही सोसाले नही भेटनं म्हनीसन रडस? देवले हात जोड, पोरी."

त्या रात्री वर्षाला झोप लागली नाही, पण दुःखानं नव्हे. आत्यांनी स्वतः दिलंय, आता कुणाची चोरी? असं म्हणून ती कूस बदलायची. आणि टाळ्या ऐकू यायच्या.

रविवारी सकाळी दहाला उधन्याचं सभागृह गच्च भरलं होतं. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या, सुषमा तर लग्नाला निघाल्यासारखी. मागच्या रांगांत खात्यातली माणसं, त्यात भूपेंद्र, इस्त्रीचा शर्ट घालून. कलाबाई तिसऱ्या रांगेत कडेला, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला.

बाकीची वाचनं झाल्यावर मालतीबाई माइकसमोर आल्या. त्या म्हणाल्या, आता जी मुलगी येतेय तिच्याकडे बघून तुम्हाला वाटणार नाही, पण हिनं लग्नाआधी दोन वर्षं पोटाला दारू बांधून नवापूर ते सुरत केलेलं आहे. इतकं सोसून ती आज आपल्यासमोर खरं बोलायला उभी आहे.

सगळं सभागृह वळून वर्षाकडे बघायला लागलं. पहिल्या रांगेतल्या बाईचे डोळे आधीच भरले होते. ओठ किंचित उघडे, श्वास धरलेला. वर्षानं ती नजर ओळखली. पुस्तक उघडताना ती स्वतः अशीच बघायची.

मग तिचं लक्ष मागं गेलं. भूपेंद्र उभा राहिला होता. त्याच्या शेजारचा माणूस त्याच्या कानात काहीतरी म्हणून हसला होता. भूपेंद्रच्या तोंडावर राग नव्हता. तो नुसता बघत होता, आपल्या घरात दुसरीच बाई राहत होती असं कुणी सांगितल्यासारखा.

वर्षानं पानं उलटी केली आणि माइक धरला.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

माइक किंचाळला. मालतीबाई पुढं आल्या, तिनं हातानं थांबवलं. मग ती बोलत गेली, आणि बोलताना तिला जाणवलं की आपले कान तापलेत, अगदी वाचताना तापायचे तसे. ती म्हणाली, मी खोटं लिहिलं. मी कधी नवापूर बघितलेलं नाही. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही, मला चांगला नवरा मिळाला, चांगली सासू मिळाली. मी अशी पुस्तकं वाचते आणि मला त्या माणसांचा हेवा वाटतो. त्यांच्या भुकेचा, त्यांनी खाल्लेल्या माराचा. आपल्याला का नाही मिळालं हे, असं वाटतं. एवढी एकच गोष्ट माझ्याकडं लपवण्यासारखी होती, ती सांगितली. आता मी खाली बसते.

टाळ्या पडल्या नाहीत. खुर्च्या कुरकुरल्या. मालतीबाई गोंधळून म्हणाल्या की नियमाप्रमाणे मग हे वाचता येणार नाही, आणि त्या समारोपाचा कागद शोधायला लागल्या. इतक्यात मागून एक पुरुषी आवाज आला.

"मग दारू आनली कोनी? इतकी पानं का देवानं लिहिली?"

हशा पिकला. वर्षाला वाटलं, जमीन फाटावी. ती पायऱ्या उतरायला लागली. आणि तिसऱ्या रांगेच्या कडेची बाई उठली.

कलाबाईनं पदर डोक्यावरून खाली घेतला, कमरेला खोचला आणि सुनेच्या बाजूनं वर चढली. चढताना तिनं वर्षाचा दंड धरला आणि तिलाही परत वर नेलं. माइक तिच्या तोंडापेक्षा उंच होता. तिनं तो वाकवला नाही, बाजूला सारला. खात्याच्या खडखडाटात बोलून बोलून लिंबायतच्या बायकांचा गळा तसाही कमवलेला असतो.

"मी आनली," ती म्हणाली. "कोन विचारी राहिना तो? उभा ऱ्हाय जरा. तू तर दारू पेनारा दिसस."

सभागृह हसण्यानं असं फुटलं की छताचे पंखे थांबल्यासारखे वाटले. तो माणूस दिसेनासा झाला. मग कलाबाई जमेल तसं सभेचं मराठी बोलू लागली, मधूनच घसरून अहिराणीत जाऊ लागली, आणि कुणालाच काही अडलं नाही. तिनं ट्यूब सांगितली, हवा पिळणं सांगितलं, सुईण सांगितली. वर्षानं तीन दिवसांत जे काळजाला हात घालणारं म्हणून टिपलं होतं, त्यातलं निम्मं तिनं गाळलं आणि वर्षानं सोडून दिलेलं तेच घोळवून घोळवून सांगितलं. नवापूरच्या फलाटावर सगळ्या पोटुश्या मिळून एका कपातून आइसक्रीम कशा खायच्या. चलथाणला उसाच्या शेतात बाळंत होऊन, लेकरू सोपवून, सपाट पोटानं घरी कशा यायच्या आणि रिकामी ट्यूब दोरीवर वाळत घातली की नवरा म्हणायचा, पोर कुणावर गेलंय गं. बायका डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. पहिल्या रांगेतली बाई हसता हसता रडत होती.

पण वर्षाचं लक्ष मागं होतं. भूपेंद्र अजून उभाच. मग तो रांगांमधून पुढं यायला लागला. लोकांच्या पायांवर पाय देत, कुणाला काही न बोलता. स्टेजच्या अगदी खाली येऊन थांबला. कलाबाईचं बोलणं तुटलं. तिनं सुनेचा दंड घट्ट धरला, बोटं रुतली.

भूपेंद्रनं मान वर केली.

"माय," तो म्हणाला, "मी कोणत्या खेपेचा?"

ह्याचं उत्तर वर्षालाही माहीत नव्हतं. तीन दुपारी, एवढं सगळं सांगितलं, पण हे आत्यांनी सांगितलं नव्हतं.

कलाबाई स्टेजच्या कडेला आली आणि खाली बसली, पाय सोडून, ओट्यावर बसावी तशी. आता ती सभेशी बोलत नव्हती.

ती म्हणाली, तू कुठल्याच खेपेचा नाहीस. तू पोटात आलास तसं मी काम सोडलं. सातव्या महिन्यात माहेराहून सुरतेला परत येत होते, मोकळ्या अंगानं. डब्यात माझ्याच मैत्रिणी, नऊ जणी, सगळ्या भरलेल्या. सोनगडला शिपाई चढला. त्याला कुणीतरी खबर दिली होती, आणि मी त्याच्या तोंडओळखीची. तो सरळ माझ्यासमोर आला. म्हणाला, आज काढ ते पोट. मी म्हटलं, दादा, आज खरं आहे. तो हसला. म्हणाला, रोजच खरं असतं तुझं. आणि त्यानं काठीचं टोक पोटावर टेकवलं.

"मग?" भूपेंद्रच्या तोंडून निघालं.

"मग तू लाथ मारी." कलाबाईनं त्याच्या केसांत हात घातला. "अशी मारी, अशी मारी, का काठी हालनी. त्याच्या हातातली काठी. त्यानं बघितलं, मी बघितलं. बठ्ठा डबा बघी राहिना. तो इतका घाबरना का दोन्ही हात जोडी लिधा आनि चालत्या गाडीतून उतरी गया."

तिनं हनुवटीला धरून त्याचं तोंड वर केलं.

"त्या दिवशी नऊ बाया तुन्हामुळे सुटनात. उतरल्या तशा एकेक करून मन्हा पाया पडन्यात. मन्हा नही, तुन्हा."

भूपेंद्रनं आईच्या पायांवर कपाळ टेकवलं आणि तिथंच ठेवलं. खात्यातल्या माणसांपैकी कुणीतरी पहिली टाळी वाजवली, मग सगळं सभागृह वाजायला लागलं. मालतीबाई माइकशी जाऊन काहीतरी बोलू बघत होत्या, नियमाचंच असावं, पण त्यांना ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. गल्लीतल्या बायका स्टेजपाशी लोटल्या होत्या. सुषमा सगळ्यांत पुढं. ती ओरडून विचारत होती की मावशी, त्या नऊ जणी कुठं असतात आता.

"एक ते तुन्ही सासूच व्हती," कलाबाई म्हणाली.

सुषमाचा हात तोंडावर गेला तो तसाच राहिला. वर्षा खळखळून हसली, मग खाली वाकून तिनं सुषमाला दंडाला धरून वर ओढून घेतलं आणि अंग चोरून तिच्यासाठी स्टेजच्या कडेला जागा केली.